प्रबंध आणि टिप्पणी

बड्या फुहाऱ्याची गजबज सोडून लगतच्या मंडला जिल्ह्यात गेले, की तिलईपानी गाव लागते. तेथील मुलांचे पाय गुडघ्यांत वाकले. हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड दर लिटरला दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे होते. जबलपूरला १९८४ मध्ये स्थापन झालेल्या आदिवासी वैद्यकीय संशोधन केंद्राने हे अभ्यासिले. आहारात चकोड्याची, म्हणजे आपल्या टाकळ्याची, कॅल्शियमयुक्त भाजी सुचविली. पण पंप बंद करून दुसरे पाणी आणणे हे काम लोकस्वास्थ्य यांत्रिकी विभागाचे! पीएच्.डी.च्या विद्यार्थ्याला ही बाजू प्रयोगशाळेत कोठून दिसणार? ब्रिटनमध्ये अशा विद्यार्थ्यांना तीन महिने धोरण आखणाऱ्या कार्यालयांत धाडण्याची योजना आहे. येथेही त्याने कचेरीत बसावे, टिप्पणी लिहावी, निधी कोणत्या शीर्षाखाली मागतात ते पाहावे. आणि मार्गदर्शकांनी ते महिने प्रबंधाच्या मुदतीतून कापू नयेत.