अनुदान जमिनीला की कसणाऱ्याला?

(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा संक्षेप)



शेतकऱ्याच्या खात्यात सरकारी पैसा जमा होतो, तेव्हा तो किती, यावर आपण तावातावाने बोलतो. तो कोणाच्या खात्यात, हे विचारायचे राहून जाते. हा प्रश्न नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेत आर्कान्सा राज्याच्या पॉइन्सेट काउंटीत विचारला गेला होता, आणि विचारणारे समाजवादी होते. म्हणून ती हकीकत आज सांगतो.

१९३३ साली मंदीने कापसाचा भाव कोसळलेला होता. रूझवेल्ट सरकारने कायदा केला: कापसाचा पेरा कमी करा, सरकार मोबदला देईल. त्या वर्षी सुमारे एक कोटी एकर उभा कापूस नांगरून टाकण्यात आला. पुढे १९३४-३५ च्या करारात दर पौंडामागे जमीनमालकाला चार सेंट आणि अर्धेलीने कसणाऱ्याला अर्धा सेंट, असे वाटप ठरले. त्या अर्ध्या सेंटातूनही मालक जुनी उधारी कापून घेत. अंमलबजावणीच्या स्थानिक समित्यांवर वर्चस्व मोठ्या मळेवाल्यांचे. पेरा घटला तशी कसणारी माणसेही नकोशी झाली. कुळांची संख्या शक्यतो कायम ठेवावी, असे करारात लिहिलेले होते. हा ‘शक्यतो’ कोणासाठी घातलेला असतो, हे तहसील कचेरीत खेपा घातलेल्या कार्यकर्त्याला वेगळे सांगायला नको.

जुलै १९३४ मध्ये टायरोन्झा गावाजवळच्या एका शाळेत अकरा गोरे आणि सात काळे शेतकरी जमले. त्यांना एकत्र आणणारे एच. एल. मिचेल आणि क्ले ईस्ट हे समाजवादी पक्षाचे कार्यकर्ते. एकाचे कपडे धुण्याचे दुकान, दुसऱ्याचा पेट्रोलपंप. संघटना एक असावी की वर्णानुसार दोन, असा प्रश्न निघाला. १९१९ च्या एलेन येथील हत्याकांडातून वाचलेल्या एका वृद्ध काळ्या शेतकऱ्याने एकीचा आग्रह धरला आणि एकच संघटना झाली. तिच्या सभासदांना घरातून हुसकून लावण्यात आले, मारहाण झाली. १९३५ साली पक्षाचे नेते नॉर्मन थॉमस यांनाही बर्डसाँग येथील सभेतून हुसकावण्यात आले. त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये, कराराचा अर्थ कुळांच्या बाजूने लावणाऱ्या सरकारी वकिलांना नोकरीवरून काढून टाकण्यात आले. दक्षिणेतील मळेवाल्यांच्या पाठिंब्यावाचून त्या सरकारचे चालत नव्हते!

आता आपल्याकडे पाहू. २०१९ पासून पंतप्रधान किसान सन्मान योजनेत जमीनधारक कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये मिळतात. २०२३ पासून महाराष्ट्र शासनाने तेवढीच भर घातली. पात्रता ठरते ती सातबाऱ्यावरील नावाने. मराठवाड्यात, विदर्भात बटईने, ठोक्याने शेती करणाऱ्याचे नाव तेथे नसते. बियाणे त्याचे, सावकाराचे देणे त्याचे, गारपिटीत बुडतो तोही तोच; सन्मान मात्र शहरात राहणाऱ्या खातेदाराचा होतो.

करार लेखी का होत नाही? १९४८ च्या कुळकायद्याचा धाक अजून आहे. ज्या कायद्याने १९५७ च्या कृषक दिनी कुळाला मालक केले, त्याच्याच भीतीने आजची बटई तोंडी राहिली आहे. तो कायदा मोडीत काढा, असे कोणी सुचवू लागले तर आपला विरोधच राहील. परंतु मालकीचा दावा निर्माण न करणारी, केवळ अनुदान, विमा व कर्ज यांपुरती कसणाऱ्याची नोंद शक्य आहे. आंध्र प्रदेशाने २०१९ साली अकरा महिन्यांच्या कराराचा असा कायदा केला. पण मालकाची संमती आवश्यक ठेवल्याने किल्ली मालकाच्याच हाती राहिली. आपली मागणी आहे ती ग्रामसभेच्या साक्षीने होणाऱ्या नोंदीची.

पुढील महिन्यात प्रत्येक तालुक्यातील निदान पाच गावांत अशा कसणाऱ्यांची यादी आपण करावी. एकट्यादुकट्याचे नाव बाहेर आले तर पुढच्या पाडव्याला त्याची जमीन जाईल, हे पॉइन्सेट काउंटीने दाखवले आहे. म्हणून यादी गावाची पूर्ण होईपर्यंत कचेरीत एकही नाव द्यायचे नाही. आणि द्यायची वेळ येईल तेव्हा सर्वांनी मिळून जायचे.