उमेदवार निवडतो कोण?
(उपासक-उपासिकांच्या सभेत केलेले भाषण)

उपासक-उपासिकांनो,

संविधानाने आपल्या हाती मत दिले आहे. मतदानाच्या दिवशी काही नावे आपल्यापुढे येतात व त्यांतून आपण एक निवडतो. परंतु ती नावे तेथे आणली कोणी, असा प्रश्न आपण विचारतो काय? हा प्रश्न न विचारणाऱ्या समाजाचे मत अर्धे निकामी होते, हे मी आज अमेरिकेच्या उदाहरणाने दाखविणार आहे.

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात ठरतो. अधिवेशनाचे प्रतिनिधी राज्याराज्यांतून येतात. म्हणून प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार ज्याचा, उमेदवारही त्याचाच.

दक्षिणेकडील राज्यांत पूर्वी डेमोक्रॅटिक पक्षच निवडून येत असे. त्यामुळे त्या पक्षाची अंतर्गत प्राथमिक निवडणूक जिंकणे म्हणजेच सत्ता जिंकणे होय. टेक्सासमध्ये नेमक्या याच निवडणुकीत कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. अंतिम मतदान कागदावर खुले होते. पण तोवर निर्णय होऊन गेलेला असे! ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांनी या अन्यायाविरुद्ध दाद मागितली आणि १९४४ साली सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा घटनाबाह्य ठरविली.

तरीही १९६४ साली मिसिसिपी राज्यातून पक्षाने पाठविलेले प्रतिनिधी सर्व गोरेच होते. तेव्हा तेथील कृष्णवर्णीयांनी 'मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी' स्थापून, स्वतःच्या सभा भरवून ६८ प्रतिनिधी निवडले. त्यांत फॅनी लू हेमर होत्या. दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या कुटुंबातील हे विसावे अपत्य. १९६२ साली मतदार म्हणून नाव नोंदविण्यास गेल्याबद्दल त्यांना मळ्यावरून हाकलण्यात आले; १९६३ साली तुरुंगात निर्दय मारहाण झाली. अटलांटिक सिटीच्या अधिवेशनात या बाईंनी पक्षाच्या समितीपुढे निर्भयपणे साक्ष दिली. पक्षाने तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या, आणि त्यांवर कोणी बसावे हेही पक्षानेच ठरविले. त्यांनी ती भीक नाकारली. १९६८ साली त्याच राज्याचे मिश्र प्रतिनिधिमंडळ अधिवेशनात सन्मानाने बसले व त्यात हेमरबाईही होत्या.

परंतु त्याच वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री यांना एकही प्राथमिक निवडणूक न लढविता, पुढाऱ्यांच्या बळावर उमेदवारी मिळाली. त्यावर असंतोष उसळला, नियम बदलले आणि १९७२ पासून प्रतिनिधी निवडण्यात सामान्य मतदाराचा वाटा मोठा झाला.

बंधुभगिनींनो, ही गोष्ट आपल्याला परकी नाही. १९३२ च्या पुणे करारात दहा वर्षांसाठी प्राथमिक निवडणुकीची तरतूद होती. प्रत्येक राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदारांनी प्रथम चार उमेदवार निवडावयाचे आणि मग सर्व मतदारांनी त्यांतून एक निवडावयाचा. स्वतंत्र भारताच्या संविधानात राखीव जागा आल्या. ती पहिली पायरी आली नाही. आज राखीव जागेवर उभा राहणारा माणूस आपला असतो, पण त्याला उभा करणारा कोण? ज्याच्या हातून उमेदवारी मिळते, त्याच्याच तोंडाकडे पाहणे त्याच्या नशिबी येते.

आपण ज्या धम्मात आलो, त्याचा वारसा वेगळा आहे. भिक्षुसंघात ठराव मांडले जात, मतभेद झाल्यास शलाकांनी मते मोजली जात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी संघाच्या या कार्यपद्धतीचे स्मरण करून दिले होते. आणि राजकारणातील विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, असा इशाराही त्याच भाषणात दिला होता.

म्हणून माझे सांगणे एवढेच. ज्या पक्षाला मत देता, त्याचे सभासद व्हा. त्याच्या सभेला जा. घरातील स्त्रियांनाही न्या. उमेदवाराचे नाव वरून आले, तर ते कोणी व कोणत्या मताने ठरविले, असे उभे राहून विचारा. उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.

जय भीम!