निरोपाचा राग आणि नोकरीचा निर्णय

(एका महाविद्यालयात पदवीच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मुलाखतीला कसे जावे, काय बोलावे, यासंबंधी आपणांस पुष्कळ मार्गदर्शन मिळाले असेल. मुलाखत आटोपल्यानंतरच्या दिवसांविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. वास्तविक उमेदवाराची खरी परीक्षा त्या दिवसांतच होते. ‘कळवू’ या एका शब्दावर माणसे महिनोन् महिने काढतात. कधी निरोप येत नाही, कधी चुकीचा येतो, कधी दोन निरोपांचा परस्परांशी मेळ बसत नाही. मग मन विटते आणि प्रश्न पडतो: या नोकरीच्या मागे लागावे की नाद सोडावा? आज मी या एकाच प्रश्नाविषयी बोलणार आहे.

माझा अनुभव

माझे गाव मराठवाड्यातले. २००४ साली मी कला शाखेचा पदवीधर झालो आणि मुंबईतील एका संस्थेच्या प्रसिद्धी विभागात अर्ज केला. मुलाखतीचे पत्र आले. रात्रभर एस. टी. ने प्रवास करून मी सकाळी दहाच्या ठोक्याला हजर झालो. आत बोलावणे आले ते दुपारी साडेचार वाजता. तीन प्रश्न विचारले गेले; त्यांपैकी एक माझ्या गावाला पक्की सडक आहे काय, असा होता. अखेरीस ‘कळवू’ असे सांगण्यात आले.

तीन आठवड्यांनी शेजारच्या किराणा दुकानातील दूरध्वनीवर निरोप आला, की मूळ प्रमाणपत्रे घेऊन मंगळवारी यावे. मी गेलो. संबंधित अधिकारी दौऱ्यावर होते आणि मला कोणी बोलावले, हे तेथे कोणालाच सांगता येईना. पुढे महिन्याभराने तिसऱ्यांदा पत्र आले. हजर राहण्याची तारीख पत्र हाती पडल्याच्या दुसऱ्याच दिवसाची होती. पगाराचा उल्लेख पहिल्या पत्रात नव्हता, तसाच तो तिसऱ्यातही नव्हता. आधीच्या दोन्ही वेळचे भाडे आईने दुधाच्या पगारातून काढून दिले होते. तिसऱ्यांदा ते मागण्याचे धाडस मला होईना.

मी ते पत्र फाडण्याच्या बेतात होतो. त्यापूर्वी सहज आमच्या सरांना दाखवले. सरांनी ते दोनदा वाचले आणि विचारले, “तुला राग नोकरीचा आला आहे की निरोपाचा?”

मला उत्तर देता येईना. त्या नोकरीविषयी मला काही ठाऊकच नव्हते. मी रागावलो होतो तो निरोपावर आणि निर्णय घेत होतो तो नोकरीचा. सरांच्या सांगण्यावरून मी रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले. दिलेल्या तारखेस पोहोचणे शक्य नसल्याचे कळवून चार प्रश्न विचारले: पद कायम आहे की हंगामी, वेतन किती, निवडीचे आणखी किती टप्पे बाकी आहेत आणि यापुढे कोणाशी संपर्क साधावा. पंधरा दिवस वाट पाहण्याचे ठरवले. उत्तर आले नाही. मी तो विषय मिटवला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या दिवशी बाकावर माझ्या शेजारी बसलेला एक उमेदवार पुढे कधीतरी भेटला. तो तिसऱ्यांदाही गेला होता, त्याला नोकरी मिळाली आणि त्याने ती काही वर्षे समाधानाने केली. मग माझा निर्णय चुकला काय? त्याचे घर त्या कार्यालयापासून लोकलच्या दोन स्थानकांवर होते. त्याच्या दृष्टीने तिसरी खेप म्हणजे एक सकाळ; माझ्या दृष्टीने ती आईच्या पंधरवड्याची कमाई होती. एकाच निरोपाची किंमत दोघांना वेगवेगळी पडते. म्हणून दुसऱ्याचा निर्णय आपल्यासाठी प्रमाण मानू नये.

टेबलाच्या पलीकडून

पुढे शासकीय सेवेत आल्यावर मुलाखतींची व्यवस्था पाहण्याचे काम माझ्याही वाट्याला आले. तेव्हा विलंबाची कारणे उमगली. निवड समितीचे सर्व सदस्य एका दिवशी मोकळे असावे लागतात. बिंदुनामावली तपासावी लागते. मधेच निवडणुकीची आचारसंहिता लागते किंवा एखादे प्रकरण न्यायालयात जाते. नस्ती या टेबलावरून त्या टेबलावर जात असते आणि बाहेर उमेदवाराला वाटते, की आपल्याला विसरले.

परंतु कारण असले म्हणजे दोष नाहीसा होतो असे नाही. एकदा तारीख बदलल्याचा निरोप एका तरुणापर्यंत पोहोचलाच नाही. तो दूरवरून आला आणि रिकाम्या दालनाबाहेर बसून राहिला. त्याचा एक दिवसाचा रोजगार बुडाला होता. आम्ही त्याला चहा दिला आणि दिलगिरी व्यक्त केली. त्यापलीकडे आम्हांला काही करता आले नाही. त्या दिवसापासून असा निरोप मी स्वतः दूरध्वनीवरून देऊ लागलो.

निर्णय कसा करावा?

प्रथम विलंब आणि अवमान यांत फरक करावा. उशिरा आलेले पत्र ही बहुधा व्यवस्थेची उणीव असते. पण वेतन विचारताच टाळाटाळ होणे, जाहिरातीत एक पद आणि मुलाखतीत दुसरेच पद सांगितले जाणे, उमेदवाराशी अरेरावीने बोलणे ही पुढील दिवसांची चाहूल होय. कोणी नोकरीसाठी पैसे मागितले, तर तेथे विचार करण्यासारखे काही उरतच नाही. तेथून तडक बाहेर पडावे.

दुसरे म्हणजे, एकदा लेखी विचारावे. भाषा सौम्य आणि प्रश्न नेमके असावेत. उत्तरासाठी मनाशी एक तारीख ठरवावी. खाजगी क्षेत्रात अशा पत्रानंतरचे मौन हा बहुधा नकारच असतो. शासकीय भरतीत मात्र मौनाचा तसा अर्थ लावू नये. तेथे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आपल्या हाती आहे. दहा रुपये शुल्क भरून भरतीची प्रक्रिया कोणत्या टप्प्यावर आहे हे विचारता येते आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते.

तिसरे, हाती नियुक्तिपत्र आल्याखेरीज असलेले काम सोडू नये आणि दुसरे अर्ज थांबवू नयेत. निवड यादीत नाव आले म्हणजे नियुक्तीचा अबाधित हक्क मिळतो असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली शंकरसन दाश प्रकरणात स्पष्ट केले आहे. मात्र शासनाने मनमानी करता कामा नये, असेही त्याच निर्णयात बजावले आहे. खाजगी आस्थापनांच्या बाबतीत, २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. ते मागण्यात संकोच कसला?

चौथे, एका मुलाखतीवरून स्वतःचे मोल ठरवू नये. तोंडी मुलाखतीला अवाजवी गुण ठेवल्यास मनमानीला वाव मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली अशोककुमार यादव प्रकरणात नमूद केले. केंद्र शासनाने तर १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ पदांसाठी मुलाखतच बंद केली. ज्या पद्धतीच्या मर्यादा न्यायालयाने आणि शासनाने ओळखल्या, तिच्या एका बैठकीवरून आपण खचून का जावे?

मित्रहो, मुलाखतीत संस्था आपली पारख करते, त्याचप्रमाणे आपणही संस्थेची पारख करीत असतो. गरज मोठी असेल तर रुक्ष निरोप पोटात घालून पुढे जाण्यात कमीपणा नाही. आणि विचारपूर्वक मागे फिरण्यातही पराभव नाही. मात्र कोणताही निर्णय रागाच्या भरात करू नका. सरांचा तो प्रश्न आधी स्वतःला विचारा, मग कागद घेऊन चार ओळी लिहा आणि त्यानंतर ठरवा.

आणि आपल्यापैकी पुष्कळजण उद्या टेबलाच्या पलीकडे बसतील. तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलेल्या उमेदवाराला वेळेवर निरोप द्या. तो नकाराचा असला तरी द्या. तो मिळाला म्हणजे त्याला निदान दुसरी वाट धरता येते.