सांगाडा झाकण्यापूर्वी



मी अभियंता नव्हे. तज्ज्ञांचे म्हणणे सर्वसामान्यांपर्यंत पोचविणे एवढेच माझे काम. तरीही उंच पोलादी इमारतींविषयी आज चार शब्द बोलणार आहे. कारण त्यांतील बोध गावच्या शाळेच्या इमारतीलाही लागू पडतो.

१७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या नॉर्थरिज भागात ६.७ प्रतीचा भूकंप झाला. पोलाद वाकते, पण एकाएकी तुटत नाही, असा तोवर अभियंत्यांचा दृढ विश्वास होता. पोलादी चौकटीच्या इमारती कोसळल्या नाहीत, हे खरे. परंतु तुळई जेथे वेल्डिंगने खांबाला जोडलेली असते, नेमक्या त्या सांध्यांना तडे गेल्याचे पुढे उघडकीस आले. बाहेरून इमारती धडधाकट दिसत होत्या. आतील आच्छादने काढली तेव्हा भेगा दिसल्या. एकमजली ते सव्वीस मजली, तीस वर्षांच्या जुन्या, इतकेच नव्हे तर उभारणी चालू असलेल्या इमारतीही त्यांत होत्या. म्हणजे दोष केवळ वयाचा नव्हता. जोडणीच्या पद्धतीचाच होता.

बरोबर एक वर्षाने जपानमधील कोबे येथेही पोलादी सांधे तुटले.

या अनुभवातून विस्तृत संशोधन झाले आणि २००० साली अमेरिकेत नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. अधिक चिवट धातूचे वेल्डिंग करणे, सांध्याखाली पोलादी तिकोनी आधार देणे, किंवा खांबापासून थोड्या अंतरावर तुळईच्या पट्ट्या मुद्दाम अरुंद करणे, असे हे उपाय आहेत. शेवटच्या उपायाने तुळई तेथे वाकते आणि सांधा वाचतो.

हे सर्व करण्यास अपुऱ्या इमारतीइतकी सोयीची वेळ नाही. सांधे उघडे असतात, तपासणी सुलभ होते, रहिवाशांना हलवावे लागत नाही. मात्र अशा सांगाड्याला मजल्यांचा व कायम तिरक्या आधारांचा पुरता पाठिंबा नसतो. म्हणून तात्पुरते आधार घाईने काढणे धोक्याचे ठरते.

कोयनेचा १९६७ चा आणि किल्लारीचा १९९३ चा भूकंप आपण विसरलेलो नाही. आपल्या गावी पोलादी मनोरे नसतील. पण शाळा, दवाखाने, पंचायतीच्या इमारती उभ्या राहतच आहेत. काँक्रीट ओतण्यापूर्वी सळया, त्यांचे बांध आणि सांधे जाणत्या अभियंत्याकडून तपासून घ्या आणि मगच पुढील कामास संमती द्या. झाकलेला दोष भूकंपच उघडा करतो. तो आधी आपण उघडा करावा, एवढीच विनंती.