शेकाचे पंचवीस दिवस

मी कविता लिहिणारा माणूस. पण आज बोलणार आहे ते गाडी चालवण्याविषयी.

वैरागहून बार्शीला जाणाऱ्या रस्त्यावर दर मंगळवारी सकाळी माझी जुनी व्हॅन असते. मागे दोन-तीन पेशंट, सोबत त्यांच्या घरचं एखादं माणूस. बार्शीत कर्करोगावर उपचार होतात. ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग-नोंदणी १९८७ साली तिथंच सुरू झाली. मुंबईच्या मानानं दवाखाना आम्हाला अगदी उशाशी. तरीही तो लांब पडतो. कसा, ते मी घरातच पाहिलं.

माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला. डॉक्टरांनी पंचवीस शेक सांगितले. किरणोपचाराला आमच्याकडे शेकच म्हणतात. सोमवार ते शुक्रवार रोज जायचं, पाच आठवडे. यंत्राखाली झोपायचं ते काही मिनिटं. पण त्यासाठी अख्खा दिवस मोडायचा. तिसऱ्या आठवड्यात जुलाब सुरू झाले. मग एसटीत बसायचीच तिला धास्ती वाटू लागली.

सुरुवातीला मी तिला मोटारसायकलवरून नेलं. पुढं ऑफिसात ऑडिट निघालं, मग एक कविसंमेलन आलं. ‘‘राहू दे रे, तुला किती त्रास देऊ,’’ ती म्हणायची आणि मला ते सोयीचं वाटायचं. सतरा शेक झाले आणि तिनं जाणं सोडलं. वर्षभरात ती गेली.

सगळे शेक झाले असते तर ती वाचली असती, असं कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. पण मध्ये खंड पडला की उपचाराचा जोर कमी होतो, हे ते सगळे सांगतात. उरलेले आठ दिवस माझ्या हातात होते. ते मी दिले नाहीत.

पुढं नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, ही व्हॅन घेतली. आता आम्ही पाच जण आहोत : एक निवृत्त मास्तर, एक किराणा दुकानदार, दोन द्राक्षबागायतदार आणि मी. प्रत्येकाचा एक वार. एक वही आहे, तीत पेशंटचं नाव आणि कितवा शेक ते लिहितो. ज्याचा वार, त्याचं पेट्रोल. पैसे घ्यायचे नाहीत, हा नियम. पण कुणी भुईमुगाच्या शेंगा आणल्या तर घेतो. एकदा नको म्हटलं, तर तो गडी दुसऱ्या दिवशी एसटीनं गेला. घेणाऱ्यालाही मान असतो, हे तेव्हा कळलं.

आणखीही काही शिकलो. मला अत्तराचा शौक. एका बाईंना केमोनंतर त्या वासानंच उमळून आलं. तेव्हापासून मंगळवारी अत्तर नाही. गतिरोधक आला की गाडी जवळजवळ थांबवायची. पिशव्या, पाणी, जुनी चादर जवळ ठेवायची. ‘अमक्या बाबाचं औषध घ्या’ असं कुणालाही सांगायचं नाही. एकदा मी धीर यावा म्हणून माझीच कविता म्हणायला लागलो. तोंडाचा कर्करोग झालेले एक काका शेजारी होते. त्यांना बोलता येत नव्हतं; त्यांनी दोन्ही हात जोडून ‘पुरे’ अशी खूण केली. गाडीतले सगळे हसले, काकाही. आता कुणी बोललं तर ऐकतो, नाहीतर गप्प राहून गाडी चालवतो.

उपचाराला जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वे शयनयान वर्गात पूर्ण भाडं माफ करते, सोबतच्या माणसालाही पाऊण सवलत देते. तिचा लाभ जरूर घ्यावा. पण वस्तीवरून पक्क्या रस्त्यापर्यंत कुठली रेल्वे येणार? तेवढा रस्ता शेजाऱ्यालाच पार करून द्यावा लागतो.

तुमच्या गल्लीत, वाडीत असा कुणी असेल तर ‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणू नका. कुणी सांगत नाही. ‘मंगळवारी साडेसातला गाडी दारात आणतो,’ असं म्हणा. ते ‘राहू द्या’ म्हणतील. तरी साडेसातला जा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)