ज्याची होडी, त्याच्या हाती पाना



१ जूनपासून आपल्या किनाऱ्यावरची यांत्रिक मासेमारी बंद आहे आणि ती ३१ जुलैपर्यंत बंदच राहील. या एकसष्ट दिवसांत होड्या वर ओढल्या जातात, शाकारल्या जातात, फळ्यांमधल्या फटी भरल्या जातात, जाळी उसवून पुन्हा विणली जातात. ही कामे बहुतांशी घरची आणि होडीवरची माणसेच करतात. इंजिन मात्र मिस्त्रीच्या वाटेकडे डोळे लावून तसेच पडून राहते. मिस्त्री एक आणि होड्या पन्नास, त्यामुळे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सगळीकडे एकच धावपळ उडते. इंजिनाची नेहमीची निगा हा मासेमाराच्या मूळ कसबाचाच भाग आहे आणि तो त्याने परत आपल्या हाती घेतला पाहिजे, हे मला आज मांडायचे आहे. ‘परत’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे.

शिडाच्या काळात होडीवरची अशी एकही वस्तू नव्हती, जी तांडेलाला कळत नव्हती. शीड फाटले तर ते होडीवरच शिवले जाई. डोलकाठीला तडा गेला तर तिला दोर आवळून बांधून घर गाठले जाई. सुती जाळी कुजू नयेत म्हणून ती झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळत, लाकडाला माशाचे तेल चोळत. म्हणजे होडी चालवणारा आणि होडी दुरुस्त करणारा माणूस एकच होता. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर किनाऱ्यावर डिझेल इंजिने आली. त्यांनी वल्ह्याचे कष्ट वाचवले, पल्ला वाढवला, वारा पडला तरी घरी येण्याची सोय केली. हा लाभ कोणीही नाकारू नये. पण त्याबरोबर एक तूटही आली. ज्या वस्तूवर परत येणे अवलंबून, तीच वस्तू परक्या माणसाच्या समजुतीवर सोपवण्याची वेळ आली. ट्रकवाल्याचे इंजिन बंद पडले तर तो ट्रक रस्त्याच्या कडेला घेतो आणि चहा पिता पिता मिस्त्रीची वाट पाहतो. समुद्राला अशी कडा नसते. कोकणात पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि जमीन पूर्वेला असते. इंजिन थांबलेली होडी वारा आणि लाटा नेतील तिकडे जाते, आणि आपल्याकडे ते तिला खडकांकडे नेतात. नांगर धरेल एवढा वेळ आणि एवढी खोली प्रत्येक वेळी हाताशी असेलच असे नाही.

इंजिन नेमके वाईट वेळीच कसे बंद पडते, असे किनाऱ्यावर सर्रास म्हटले जाते आणि त्याचे खापर नशिबावर फोडले जाते. यात नशिबाचा भाग फार थोडा आहे. बंदीच्या काळात डिझेलची टाकी अर्धी रिकामी राहिली की वरच्या मोकळ्या जागेत दमट हवा शिरते. रात्री पत्रा थंड झाला की त्या हवेतले बाष्प आतल्या बाजूला थेंबांच्या रूपाने जमते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी जाऊन बसते. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना भिडतात, त्या थरात सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांचा काळपट, बुळबुळीत गाळ तयार होतो. खाडीच्या शांत पाण्यात हा गाळ तळाशी निवांत पडून असतो. इंजिन सुरू होते, धक्क्यावरून निघते, सगळे ठीक वाटते. मग होडी खाडीच्या तोंडाबाहेर पडते, ऑगस्टच्या पहिल्या मोठ्या लाटा तिला हेलकावे देतात, टाकी घुसळली जाते आणि दोन महिन्यांचा गाळ एकदम फिल्टरमध्ये येतो. फिल्टर तुंबतो आणि इंजिन श्वास कोंडल्यासारखे गुदमरून थांबते. समुद्र खवळला म्हणूनच इंजिन बंद पडले. हा कार्यकारणभाव इतका सरळ आहे की टाकीच्या तळाचा कॉक उघडून पाणी काढून टाकणे, बंदीला जाताना टाकी भरून ठेवणे आणि मोसमाआधी फिल्टर बदलणे, या तीन गोष्टींनी त्याची साखळी तुटते. यांतल्या एकाही गोष्टीसाठी इंजिन उघडावे लागत नाही.

डिझेल इंजिन मुळात साध्या तत्त्वावर चालते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग येथे ते यशस्वी करून दाखवले, तेव्हापासून ते तत्त्व बदललेले नाही. आत घेतलेली हवा सोळा ते वीस पट दाबायची. त्या दाबाने तिचे तापमान पाचशे अंशांच्या वर जाते. त्यात डिझेलचा बारीक फवारा सोडला की ठिणगीशिवायच तो पेटतो. म्हणजे इंजिनाला स्वच्छ डिझेल, भरपूर हवा, चांगले ऑइल आणि थंड करणारे पाणी एवढेच हवे असते. हे चारही नीट पोहोचत असतील तर चांगले डिझेल इंजिन हजारो तास तक्रार करत नाही. उलट बंद पडलेल्या इंजिनाचा माग काढत गेले, तर आतला एखादा लोखंडी भाग मोडल्याचे फार क्वचित आढळते. बहुतेक वेळा या चारांपैकी एकाची वाट अडलेली असते आणि ती वाट बाहेरून, हाताने तपासता येते. माझ्या म्हणण्याचा सगळा भार या वस्तुस्थितीवर आहे. सर्वांत वारंवार होणारे बिघाड हेच सर्वांत सोपे बिघाड नसते, तर मी मासेमाराला पाना हाती घ्यायला सांगितले नसते.

पाण्याचे उदाहरण घ्या. समुद्राचे पाणी खेचणाऱ्या पंपात रबराचे एक चक्र असते, त्याला इंपेलर म्हणतात. त्याच्या पाकळ्या पाण्यानेच ओल्या राहतात. तळाच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटली आणि पंप कोरडा फिरला, तर थोड्याच वेळात पाकळ्या झिजतात, तुटतात आणि त्यांचे तुकडे पुढच्या नळीत अडकतात. पाणी थांबले की इंजिन तापते, हेड वाकते, गॅस्केट जाते, ऑइलमध्ये पाणी मिसळून ते दुधाळ होते. एका रबरी तुकड्यापासून हेड उतरवण्यापर्यंतची ही वाट आहे. ज्याला ती ठाऊक आहे, तो इंजिन सुरू केल्याबरोबर मागच्या नळीतून पाणी पडते की नाही हे आधी पाहतो. खाऱ्या पाण्याच्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. इंजिनात थेट समुद्राचे पाणी खेळत असेल आणि ते फार तापले, तर हे क्षार आतल्या वाटांवर थर धरतात, म्हणून अशा इंजिनाचे तापमान गोड्या पाण्यावरच्या इंजिनापेक्षा कमी राखावे लागते. जस्ताचा तुकडा बसवलेला असतो तो स्वतः झिजून लोखंड-पितळ वाचवण्यासाठी. तो निम्मा झिजला की बदलायचा, आणि तो कधीच झिजत नसेल तर त्याची जोडणी तुटलेली आहे असे समजायचे.

धूर हीसुद्धा एक भाषा आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी, किंवा पंख्यात जाळे-दोर अडकून इंजिनावर आलेला ताण. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर थंड इंजिनाने सकाळी सोडला तर हरकत नाही. इंजिन तापल्यावरही तो राहिला, तर कुठेतरी डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा पाणी आत शिरले आहे. टॅपेटची फट फीलर गेजने मोजणे, पट्ट्याचा ताण बोटाने दाबून पाहणे, शाफ्टच्या ग्लँडमधून किती थेंब गळतात ते मोजणे, डिझेलच्या नळीत शिरलेली हवा हातपंपाने काढणे, ही कामे दोन-चार दिवसांच्या सरावाने कोणालाही येतात. आणि ऑइल? ते बंदी संपताना बदलण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. ती उलटी व्हायला हवी. जुन्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्लता असते. दोन महिने ते बेअरिंगांवर तसेच बसू दिले तर न चालताही इंजिन झिजते. ऑइल बदलायचे ते होडी वर ओढण्याआधी.

यावर पहिला आक्षेप येतो तो अर्धवट ज्ञानाचा. न कळता हात घालणारा माणूस चांगले इंजिन बिघडवतो, असे मिस्त्री म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. इंजेक्शन पंपातल्या दट्ट्याची फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो. असा पंप वाळू उडणाऱ्या किनाऱ्यावर उघडणे म्हणजे तो मारणेच. जुन्या पद्धतीच्या इंजिनातही नोझलमधला फवारा सुमारे दोनशे बार दाबाने सुटतो. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या शंभर पट हा दाब आहे आणि तो फवारा कातडी भेदून आत जाऊ शकतो. म्हणून पंप आणि नोझल टेस्टिंगच्या दुकानातच गेले पाहिजेत. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष ‘शिकू नका’ असा होत नाही. कुठे थांबायचे ते शिकल्याशिवाय कळत नाही. पंप उघडायचा नसतो हे ज्याला कोणी सांगितलेच नाही, तोच कोंडीत सापडल्यावर पकड घेऊन पंपाला भिडतो.

दुसरा आक्षेप नव्या इंजिनांचा आहे. त्यांत संगणकीय नियंत्रण असते, कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब दीड हजार बारच्या पुढे जातो, तेव्हा मासेमाराने शिकून काय उपयोग, असे विचारले जाते. त्या भागापुरते ते मान्य करावे. पण नव्या इंजिनालाही डिझेल, हवा, ऑइल आणि पाणीच लागते. उलट ते अस्वच्छ डिझेल जुन्या इंजिनापेक्षा कमी सहन करते, म्हणजे फिल्टर आणि टाकीची निगा तिथे अधिक मोलाची ठरते. तिसरा आक्षेप मिस्त्रीच्या पोटाचा. तो मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण बंदरावरचा चांगला मिस्त्री हे गावाचे धन आहे. पण ‘इंजिन चालत नाही, बघा’ एवढेच सांगणारा मालक आणि ‘तापल्यावर पांढरा धूर येतो, ऑइल दुधाळ नाही, फिल्टर कालच बदलला’ असे सांगणारा मालक, या दोघांपैकी मिस्त्रीचा वेळ कोण वाचवतो? फिल्टर बदलण्यासाठी त्याला बोलावणे हा त्याच्या कसबाचा अपव्यय आहे.

इंग्लंडचे उदाहरण इथे उपयोगी पडते. तिथे हौसेने होड्या चालवणारे लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यासाठी ज्या कारणांनी बचावनौका सोडाव्या लागतात, त्यांत इंजिन बंद पडणे हे एक नेहमीचे मोठे कारण आहे. रॉयल यॉटिंग असोसिएशन ही १८७५ ची संस्था त्यांच्यासाठी डिझेल इंजिनाच्या निगेचा एका दिवसाचा वर्ग चालवते. त्यातून मिस्त्री घडवण्याचा दावा कोणी करत नाही. बिघाड टाळावा कसा आणि साधा बिघाड समुद्रावर ओळखावा कसा, एवढेच शिकवतात. हौशी माणसासाठी एक दिवस पुरेसा मानला जातो, तर ज्याचे आयुष्य इंजिनाशेजारी जाते त्याला एकसष्ट दिवसांतले चार दिवस जड का वाटावेत? आपल्याकडे मत्स्यव्यवसाय विभागाची प्रशिक्षण केंद्रे किनाऱ्यावर आहेत आणि त्यांत इंजिनाचा विषय आहे. पण तिथे जाण्यासाठी महिनोन्‌महिने धंदा सोडावा लागतो. चाळिशीच्या तांडेलाला ते जमत नाही. त्याला हवा आहे बंदीच्या काळातला, त्याच्याच बंदरावर भरणारा, त्याच्या होडीवर असते तशाच इंजिनावर चालणारा छोटा वर्ग. मच्छीमार सहकारी संस्थांना हे सहज करता येईल आणि शिकवायला गावातलाच मिस्त्री योग्य.

एक अडचण मात्र खरी आहे. इंजिनाबरोबर येणारी पुस्तके इंग्रजीत असतात. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले तेव्हा एका कारखान्याने यंत्रांची माहिती मराठीत देता येते हे दाखवून दिले होते. शंभर वर्षांनंतर होडीच्या इंजिनाचे चांगले मराठी पुस्तक मासेमाराच्या घरी दिसू नये, याचे मला वाईट वाटते. यासाठी नवे शब्द घडवत बसण्याचीही गरज नाही. नोझल, टॅपेट, गॅस्केट हे शब्द बंदरावर कधीच मराठी झाले आहेत. आणि पुस्तक येईपर्यंत वही आहे. रत्नागिरीसारख्या बंदरात कितीतरी खलाशी नेपाळ, कर्नाटक अशा दूरच्या मुलखांतून येतात आणि मोसमागणिक बदलतात. त्यांच्याबरोबर होडीचा अनुभवही निघून जातो. ऑइल किती तासांनी बदलले, फिल्टर कधी घातला, एका फेरीला किती डिझेल लागले, एवढे लिहिलेली वही होडीवरच राहते. नेहमीच्या फेरीला डिझेल वाढू लागले तर नोझल गळते आहे, होडीच्या तळाला शेवाळ-काकई धरली आहे, किंवा वेग विनाकारण वाढवला जातो आहे. वेग दहा टक्के कमी केला तर इंजिनावरचा भार साधारण सत्तावीस टक्क्यांनी उतरतो, हे गणित वहीशिवाय कोणाला पटत नाही. जिथे वाट्याची पद्धत आहे तिथे डिझेलचा खर्च आधी वजा होतो आणि उरलेले वाटले जाते. म्हणजे जास्त जळणारे प्रत्येक लिटर खलाशाच्या वाट्यातूनही जाते. ही वही घरातल्या मुलीने लिहिली तरी चालेल. मासळीचा हिशेब तरी नाहीतर कोण ठेवते?

ज्यांच्या होड्या आत्ता किनाऱ्यावर शाकारलेल्या आहेत, त्यांना माझी एकच विनंती आहे. येत्या रविवारी पाण्याच्या पंपाचे झाकण काढा. त्याला थोडेच स्क्रू असतात. इंपेलर बाहेर घ्या, पाकळी बोटाने वाकवून तिच्या मुळाशी चीर आहे का ते बघा, आणि बघताना होडीवरच्या सर्वांत लहान खलाशाला जवळ बसवा. चीर असेल तर नवा इंपेलर आणा, आणि एक जास्तीचा आणून होडीवर ठेवा.