धार सांगते इंजिनाची तब्येत

खाडीकाठच्या पुष्कळ होड्यांना आता मागे आऊटबोर्ड इंजिन लागलं आहे. त्या होडीतून कुणी पर्यटकांना फिरवते, कुणी तिसऱ्या, कालवं घेऊन पलीकडच्या बाजाराला जाते. इंजिन बंद पडलं की दिवसाची कमाई बुडते. ओहोटीच्या वेळी बंद पडलं, तर होडी माणसांसकट समुद्राकडे ओढली जाते. म्हणून आमच्या गटात होडी चालवणाऱ्या प्रत्येकीला आम्ही एक गोष्ट शिकवतो: पाण्याची धार ओळखायची.

यातली बहुतेक इंजिनं खाडीच्याच पाण्यावर थंड होतात. इंजिनाचा खालचा भाग पाण्यात असतो. त्याला जाळी असते, तिच्यातून पाणी आत येतं. आत रबरी पात्यांचं छोटं चक्र फिरतं, त्याला इम्पेलर म्हणतात. ते पाणी नळीतून वर ढकलतं. पाणी इंजिनाची उष्णता घेऊन बाहेर पडतं आणि त्यातली एक बारीक धार आपल्याला दिसते. इंजिन सुरू केलं की आम्ही आधी मागे वळून ही धार बघतो, मगच नांगर उचलतो.

वाटेत धार बारीक झाली, थांबली किंवा वाफ दिसली, तर वेग कमी करा. कडेला या, नांगर टाका, इंजिन बंद करा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, त्याने धातूला तडा जाऊ शकतो. इंजिन आपोआप निवू द्या.

मग शोध घ्यायचा तो पाण्याच्या वाटेनेच, आणि बिनखर्चाचं काम आधी. इंजिन वर उचलून जाळी बघा. प्लॅस्टिकची पिशवी, शेवाळ, गाळ, बहुतेक वेळा काहीतरी तिथेच अडकलेलं असतं. जाळी साफ असेल तर धारेचं भोक बघा. मीठ आणि वाळूने ते बुजतं. त्यात जाड तंगुसाचा तुकडा हलक्या हाताने फिरवा. आमच्या होडीत तो कायम बांधलेला असतो.

एवढं करूनही धार लुळीच राहिली, तर संशय इम्पेलरवर. रबर झिजतं, पाती वाकतात, तुटतात. होडी पावसाळाभर वर काढून ठेवली की पाती एकाच बाजूला दबून राहतात, म्हणून बंदीनंतरच्या पहिल्या फेरीआधी तपासणी हवीच. इम्पेलर मिस्त्रीकडून बदलून घ्या, पण जुना हातात मागा आणि पाती मोजा. एखादा तुकडा कमी असेल, तर तो वरच्या वाटेत अडकलेला असू शकतो. तो काढल्याशिवाय नवा इम्पेलर बसवून पुरतं काम होत नाही.

कधी धार जोरदार असते आणि तरी इंजिन तापतं, भोंगा वाजतो. अशा वेळी धारेवर विसंबू नका. पंप चालतो एवढंच धार सांगते. आतल्या वाटा मिठाने भरल्या असतील किंवा थर्मोस्टॅट अडकला असेल. तिथे मिस्त्रीच लागतो. त्याला नुसतं 'इंजिन बिघडलं' म्हणू नका. धार कशी होती, कमी वेगात की जास्त, भोंगा कधी वाजला, हे सांगा. त्याचा वेळ वाचतो, आपले पैसे वाचतात.

आता रोजचे दोन नियम. फेरी संपली की पिंपात गोडं पाणी भरा. पाणी जाळीच्या वर असलं पाहिजे. उघड्यावर, गिअर न टाकता, इंजिन 10 मिनिटं चालवा. हात आणि पदर पंख्यापासून लांब ठेवा. दुसरा नियम, इंजिन कोरडं कधीच सुरू करायचं नाही, 'फक्त बघायला' म्हणूनही नाही. पाण्याविना रबर काही क्षणांत जळतं.

इम्पेलर म्हणजे रबराचा एक लहानसा तुकडा. तो वेळेवर बदलला नाही, तर अख्खं इंजिन जाम होतं आणि कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहतो. पुढच्या बैठकीला होडीपाशीच जमा. जाळी कुठे, धार कुठे, हे प्रत्येकीने स्वतःच्या हाताने दाखवावं.